बोट ठेव

त्या शाळेत रुजू झाले तेव्हा सरांचा चेहरा दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. मी पहिली-दुसरीच्या खोलीत खडू शोधत होते आणि भिंतीपलीकडून कुणीतरी मोठ्या गंभीरपणे सांगत होतं, "मग कोल्हा विहिरीतून वर आला, त्यानं अंग झटकलं आणि सरळ देवरीला जाऊन वनखात्यात नोकरी धरली."  मग सगळी पोरं एकदम ओरडली, "खोटंऽऽ!"

"कुठं खोटं आहे? बोट ठेव."

त्यानंतर पानं उलटण्याचा जो आवाज आला, तसा मी आधी फक्त परीक्षेच्या हॉलमध्येच ऐकला होता. पहिलीच नेमणूक आणि शेजारी हे असं! संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, बाकी सगळं बरं आहे, सोबतचे सर तेवढे जरा वेगळे आहेत. आई म्हणाली, "सांभाळून राहा." सांभाळायचं काय आणि कोणी, ते मला पुढं तीन वर्षं कळलं नाही.

शाळा दोन खोल्यांची. हायवेवर फाट्याला बस सोडायची, तिथून जंगलाच्या कडेकडेनं पायी आत जायचं. वर्ग चार, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर गावातच खोली करून राहत, मी देवरीहून जायची-यायची. पट दरवर्षी घसरत होता, कारण हायवेवर एक इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी व्हॅन गावोगाव फिरू लागली होती. पट आणखी चार-पाचनं उतरला की दोन शिक्षकांतला एक अतिरिक्त ठरणार, आणि सेवेत धाकटी म्हणून तो एक मीच असणार, हे मला पहिल्या आठवड्यातच सांगून झालं होतं. सांगितलं सरांनीच. चहा देता देता.

मुलांना 'समजलं का' असं कधीच विचारायचं नाही, हे सरांचं पहिलं तत्त्व. "त्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा मी अजून पाहिला नाही, मॅडम. डीएडला मी स्वतः दोन वर्षं 'हो' म्हणत होतो." म्हणून ते विचारत नसत, धड्याबद्दल धडधडीत खोटं सांगत. पोरानं ते पकडायचं, आणि नुसतं पकडून भागत नसे. पुस्तकात ज्या ओळीवर ते खोटं पडतं तिथं बोट ठेवायचं. जे खोटं कुणी पकडलं नाही ते वर्गात खरं म्हणून चालू राही. एकदा धड्यातल्या शेतकऱ्याला चार बायका असल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन दिवस तो चार बायकांचाच राहिला, आणि तिसऱ्या दिवशी एका पोराची आई कडेवर धाकटं घेऊन विचारायला आली की सरकारनं पुस्तकात हे काय घालून ठेवलं आहे.

सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम खडूनं पांढरं असे, आणि ते सरांच्या दोन पावलं पुढं चालत असे. बसचं तिकीट ते बोट फिरवून वाचत. देवरीच्या हॉटेलात भिंतीवरची दरांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचून झाली की मग म्हणत, "एक चहा." वर्गात पुस्तकं कमी पडत म्हणून त्यांनी खोलीत आडवी सुतळी बांधली होती आणि तिच्यावर छापलेलं जे मिळेल ते वाळत घातलं होतं: युरियाचं रिकामं पोतं, धानाच्या बियाण्याची पिशवी, साबणाचे कागद, खोकल्याच्या औषधाचं खोकं. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, भंगारवाल्याचा धंदा आहे. मलाही तसंच वाटायचं.

छापलेलं ते खरं, हे सरांनी स्वतःच्या आयुष्यालाही लावून घेतलं होतं, आणि त्याचा त्रास आजूबाजूच्यांना होई. गावात एका लग्नाला आम्ही दोघं गेलो. पत्रिकेत मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा होता, म्हणून सर बाराला मांडवात हजर. नवरदेवाची वरात तेव्हा पाराजवळ नाचत होती आणि पुढं बराच वेळ नाचतच राहिली. सर एकटेच खुर्चीवर, मांडवाची झालर मोजत. मी पाकीट नेलं होतं, सर हात हलवत आले होते. मी हळूच विचारलं, तर त्यांनी खिशातून पत्रिका काढली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं: 'कृपया आहेर आणू नये'.

"अहो सर, ते सगळेच छापतात."

"मग छापू नये त्यांनी," असं म्हणून ते पंगतीला बसले आणि बुंदी दोनदा मागून घेतली.

अशा माणसाच्या हाताखाली शिकलेली पोरं घरी काय करत असतील, याचा विचार सरांनी केला नव्हता. तो मला करावा लागला, कारण तक्रारी माझ्याकडे येत. शाळेत पोषण आहाराचा फलक होता, कोणत्या वारी काय शिजणार तो. एका मंगळवारी तिसरीची सगळी पोरं ताटल्या घेऊन फलकापुढं उभी राहिली आणि जेवायलाच बसेनात. स्वयंपाकाच्या ताई पदर खोचून माझ्याकडे आल्या.

"मॅडम, त्या सराच्या पोट्ट्यायले आवरा. मले विचारून राहिले का मटकी कुठी आहे!"

"मग कुठं आहे मटकी?"

"आलीच नाई तं कुठून आनू? खिचडी केली. रोज खाते ना बाप्पा, आजच काऊन डोये उघडले यायचे?"

सरांना मी म्हटलं, तुम्ही समजावा मुलांना. त्यांनी समजावलं. पोरांनी सरांनाच फलकावर बोट ठेवून दाखवलं आणि सरांचा चेहरा अभिमानानं फुलला. दुसऱ्या दिवशी ताईंनी फलक ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि चौथीच्या एका मुलीकडून त्यावर लिहून घेतलं, 'जे आलं ते शिजल'. त्यानंतर त्या फलकाबद्दल कुणाला काही म्हणायला जागा उरली नाही.

हे सगळं गमतीचं होतं तोवर मीही हसत होते. पण तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात वाचनाची तपासणी आली. केंद्रप्रमुख साहेब स्वतः आले. मवाळ माणूस, पोरांशी प्रेमानं बोलणारा. त्यांनी तिसरी-चौथीला एक उतारा दिला. त्यात एका मुलाला रस्त्यात कुणाची तरी पिशवी सापडते, तो उन्हात चालत जाऊन ती ज्याची त्याला नेऊन देतो, असं होतं. खाली प्रश्न: हा मुलगा कसा आहे?

पोरांनी उतारा वाचला. पुन्हा वाचला. बोटं ओळींवरून फिरली आणि थांबली. मग एकेकानं उठून तेच उत्तर दिलं, "लिहिलेलं नाही."

साहेबांनी प्रश्न फिरवून विचारला. तेच. एका पोराला त्यांनी जवळ घेतलं. "अरे, पिशवी परत दिली म्हणजे तो चांगला असेल की वाईट?"

"लिवलंच नाई तं कसं सांगू, सर? पिशवीत सापही असन."

साहेब हसले नाहीत. सरांना बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "तुमची पोरं दुसऱ्या शाळांपेक्षा नीट वाचतात, हे मला दिसतं. पण वाचून जे कळतं ते फक्त लिहिलेलंच असतं का?" सर उताऱ्याचा कागद घेऊन बोट फिरवत पुन्हा वाचू लागले.  तपासणीत आमची शाळा केंद्रात तळाला गेली. व्हॅनवाल्यांपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली.

मी त्या दिवशी सरांवर चिडले, आणि चिडायचा मला हक्क होता. गाव लहान, शाळा तळाला, व्हॅन दारात. "एक शब्द शिकवायचा होता, सर, प्रामाणिक! सगळा महाराष्ट्र शिकवतो." सर म्हणाले, "तो शब्द मला शिकवता येतो. पण तो त्या कागदावर नव्हता." मग म्हणाले, "साहेबांचं मात्र खरं आहे. आणि आता काय करायचं ते मला समजत नाही." त्यांच्या तोंडून 'समजत नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मार्च उजाडला. गावची माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जाऊ लागली, पोरंही डोळे चोळत शाळेत येऊ लागली. एक दिवस सरांनी फळ्यावर स्वतःच रचलेल्या पाच ओळी लिहिल्या. मी माझा वर्ग त्यांच्याच खोलीत आणून बसवला होता, आमच्याकडचं छप्पर दुरुस्त होत होतं म्हणून. ओळी अशा होत्या: 'संध्याकाळी मोहाखाली फुलांचा सडा होता. सकाळी आई टोपली घेऊन गेली. झाडाखाली एकही फूल नव्हतं. खोडाची साल ओरबाडलेली होती. आई टोपली तिथंच टाकून पळत घरी आली.'

"आईचं पोट दुखत होतं, म्हणून ती पळाली," सर म्हणाले.

"खोटं!"

"बोट ठेव."

पोरं फळ्याशी गेली, बोटं फिरवली, आणि हिरमुसली. आई का पळाली ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे सरांचं खोटं पकडलं जाईना. मग पायल उठली. तिसरीतली, किडकिडीत, दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली. तिचा बाप धान करायचा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर कामाला जायचा. ती फळ्याकडे गेली, टाचा उंचावून डाव्या हाताचं बोट 'एकही फूल नव्हतं' यावर ठेवलं, उजव्या हाताचं बोट खाली 'ओरबाडलेली' यावर ठेवलं, आणि मान वळवून विचारलं,

"दोन बोटं ठेवली तं चालते काय, सर? उत्तर मधात आहे."

"काय आहे मधात?"

"अस्वल."

वर्गात हलकासा आवाज झाला, सगळ्यांना एकदम दिसल्यासारखा. सर फळ्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले, जिथं काहीही लिहिलेलं नव्हतं.

"अस्वल हा शब्द तर नाही इथं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"नाई. पन आहे," पायल म्हणाली. "मोहफुलं कोन खाते ते मले घरूनच मालूम आहे."

 सर खुर्चीवर बसले. वर्ग चालू असताना खुर्चीवर बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिसरी-चौथीत दोन बोटं मंजूर झाली. आठवड्याभरात काही पोरं तीन-चार बोटं ठेवू लागली आणि एकमेकांच्या अंगावरून हात टाकत फळ्याला लोंबकळू लागली. त्या एका महिन्यात ती पोरं जितकं शिकली तितकं मी डीएडच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

एप्रिलमध्ये व्हॅनवाल्या शाळेचा माणूस गावात सभा घ्यायला आला. पारावर सगळं गाव जमलं. आम्हीही गेलो, मी काळजीनं, सर सवयीनं, कारण तिथं काहीतरी छापलेलं मिळणार होतं. माणूस गोंदियाचा, हिंदी-मराठी मिसळून गोड बोलणारा. "देखिए, आपके बच्चे का फ्यूचर आहे, पैसा फिर आ जाएगा." चकचकीत कागद वाटले गेले. मोठ्यांनी ते घडी करून खिशात घातले. पोरांनी मात्र जमिनीवर पसरले आणि वाचायला सुरुवात केली.

पायल उभी राहिली. तिच्या हातातला कागद तिनं विचित्र धरला होता, अंगठा पुढच्या बाजूला आणि बोट मागच्या.

"काका, इथी लिवलं आहे, अनुभवी शिक्षक. अना मागच्या पानावर लिवलं आहे, शिक्षक पाहिजेत, अनुभव नसला तरी चालेल."

"हां बेटा, तो?"

"मंग तिथी आता शिकवून राहिले कोन?"

पारावरची माणसं अशी हसली की झाडावरचे बगळे उडाले. तो माणूसही हसला. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. मी तर सगळा संकोच सोडून टाळ्या वाजवल्या. शाळा वाचली, असं मला त्या क्षणी अगदी नक्की वाटलं. परत येताना मी सरांना म्हटलं, "सर, आज मी पेढे देणार."  सर म्हणाले, "पायलचा बाप हसला नाही."

"म्हणजे?"

"सगळे त्या माणसाकडं बघून हसत होते. तो पोरीकडं बघत होता."

मला वाटलं, यांचं नेहमीचंच.

पुढचे काही दिवस पायलचा बाप सकाळी शाळेकडे यायचा, बोअरिंगच्या हापशापर्यंत. तिथं पाय धुवायचा, आमच्याकडे बघायचा आणि परत जायचा. शेवटी एका सकाळी तो आत आला. सरांनी खुर्ची दिली, तो दाराच्या उंबऱ्याशीच उकिडवा बसला.

"सर, राग नोका मानू. पायलले तिकडं टाकून राहिलो."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, तिनंच तर सगळ्या गावापुढं दाखवलं ना, तिथं शिकवायला धड कुणी नाही!"

"तेच तं म्हनून राहिलो, मॅडम." त्याचा चेहरा उजळला. "सबन गावापुढं उभी राह्यली. त्या कोट-टायवाल्याले बोलली. आमच्या घरान्यात असा कोनी बोलला नाई आजपावतर. एवढी हुशार पोट्टी, ते आता इथी कायले ठेवू?"

 तो सरांकडे वळला. "तुमाले सोडून जाऊन राहिलो, बरा नाई वाटत. तुमीच तं शिकवलं तिले. पन सर, सांगा, तुमची पोट्टी असती तं तुमी काय केलं असतं?"

मी सरांकडे बघितलं. मनातल्या मनात हात जोडले. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोटं बोलणारा हा माणूस. कोल्ह्याला नोकरी लावणारा, शेतकऱ्याला चार बायका करून देणारा. आज फक्त तीन शब्दांचं खोटं हवं होतं, इथंच ठेवली असती. त्यावर माझी शाळा होती, माझी नोकरी होती, आणि खरं तर पायलचं भलंही होतं, असं मला वाटत होतं.

"पाठवली असती," सर म्हणाले.

बाप उठला, सरांच्या पायांना हात लावून निघून गेला. हापशाशी न थांबता गेला. मी सरांवर संतापले. "त्यानं तुम्हाला विचारलं होतं, सर! तुम्ही नाही म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं!"

"ऐकलं असतं," सर म्हणाले. "आणि मग रोज पोरीकडं बघून त्याला वाटलं असतं, आपण हिला अडवून ठेवलं. तो विचारायला नव्हता आला, मॅडम. आपण सरांशी बेइमानी तर नाही ना करून राहिलो, एवढंच त्याला पाहिजे होतं."

"असं कुठं म्हणाला तो?"

"म्हणाला नाही."

जूनमध्ये पायल व्हॅननं जाऊ लागली. तिच्या मागोमाग आणखी पाच पोरं गेली, कारण गावात तोवर एकच बोललं जात होतं, सर स्वतः म्हणाले, माझी पोरगी असती तर मी तिकडंच पाठवली असती. व्हॅनवाल्या शाळेची इतकी चांगली जाहिरात त्या चकचकीत कागदाला करता आली नव्हती. पट उतरला, मी अतिरिक्त ठरले, आणि दिवाळीनंतर माझी बदली सालेकसा तालुक्यात झाली.

शेवटच्या दिवशी सर माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत आले. मला त्यांचा राग होता, आणि त्यांना सोडून जायला पाय निघत नव्हता. बस लांबून दिसली तेव्हा मी बोलून टाकलं, "सर, आयुष्यात एकदा तरी मोठ्या माणसाशी खोटं बोलायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"पोरं पकडतात, म्हणून बोलतो, मॅडम. मोठी माणसं पकडत नाहीत."